खालची फळी

श्रावणातल्या एका सकाळी आमच्या घराचं बाहेरचं दार उघडेना. दोन्ही हातांनी मूठ धरून ओढलं तेव्हा ते सुटलं, पण खालच्या कोपऱ्याचा पापुद्रा फरशीवरच राहिला. मिस्त्रींना बोलावलं. ते दारापाशी मांडी घालून बसले, नखाने तो कोपरा खरवडला, तसा आतून ओला, काळपट भुगा सांडला. मग बोटाच्या पेराने त्यांनी दार मधोमध वाजवलं, कडेला वाजवलं. आवाज दोन्हीकडे वेगळा. "काकू, लाकूड फक्त कडेला आहे. मध्ये पोकळ," ते म्हणाले. "आणि खालची कड बसवताना कुणी रंगवलीच नाही. इतकी वर्षं फरशी पुसल्याचं पाणी पीत आलंय ते."

१८ वर्षांपूर्वी घराचा ताबा घेतला तेव्हा हेच दार बघून मी हरखले होते. वरून सागाचा पापुद्रा, चकचकीत पॉलिश, पितळी मूठ. दुरुस्त होईल का, असं विचारलं तर मिस्त्रींनी मान हलवली. खालचा वीतभर भाग कापून टाकला तर नवी पट्टी धरायला आत लाकूडच नव्हतं. म्हणजे दार बदलायचं.

हे सहज बोलून गेले आणि थबकले, कारण वाईजवळच्या माझ्या आजोळी हे वाक्य मी कधी ऐकलंच नव्हतं. तिथलं दार दोन झडपांचं. त्याला बिजागरी नव्हती. प्रत्येक झडपेच्या कोपऱ्यातून लाकडाचाच एक खुंट वर आणि एक खाली निघालेला. खालचा उंबऱ्यालगतच्या दगडी खळग्यात फिरायचा, वरचा चौकटीतल्या भोकात. आजी दर दिवाळीला त्या खळग्यात एरंडेल सोडायची, तरी पहाटे दार उघडलं की त्याचा आवाज सगळ्या घराला उठवायचा. फळ्या मागच्या आडव्या पट्ट्यांवर लोहाराने घडवलेल्या, गोल डोक्याच्या खिळ्यांनी ठोकलेल्या. सरस कुठेही नाही. आणि दोन्ही झडपांचा खालचा भाग वरच्याहून वेगळ्या रंगाचा होता. डावीकडे बाभळीचा तुकडा, उजवीकडे कडुलिंबाचा, वर जुना साग. पावसाचे शिंतोडे आणि रोजचं सारवण यांनी खालची फळी कुजायची, सुतार यायचा, तेवढाच भाग काढून नवा ठोकून जायचा. आजीच्या आठवणीत हे दोनदा झालं होतं, तिच्या सासूबाईंच्या आठवणीत आणखी एकदा. दार "नीट केलं" म्हणायचे. "बदललं" कुणी म्हणत नसे.

दाराचं आयुष्य माणसाच्या आयुष्याहून मोठं असायचं. ते आता मोटारसायकलीएवढं झालं आहे. शहरांत तर इमारतीच्या इमारती पुनर्विकासाला जाताहेत आणि त्यांची दारं चौकटीसकट मलब्याबरोबर उतरताहेत. म्हणून हा प्रश्न माझ्या एका दाराचा राहिलेला नाही. दार बदलताना आपण नेमकं काय काढतो आणि काय बसवतो, हे जरा मागे जाऊन बघायला हवं.

जुनी दारं भक्कम आणि जुनी माणसं मोकळी, असं एक चित्र आपण मनात घेऊन चालतो. ते अर्धंच खरं आहे. साध्या मराठी घराला शतकानुशतकं फळ्यांचं दार परवडतच नव्हतं. कामट्या विणून, बांधून केलेली ताटी, एवढंच त्याचं दार. तेराव्या शतकात रागावून आत बसलेल्या ज्ञानेश्वरांची मुक्ताईने समजूत काढली ती अशाच ताटीबाहेर उभं राहून, असं परंपरा सांगते, आणि त्या रचनांना नावच मिळालं "ताटीचे अभंग". ताटी कुणालाही अडवू शकत नाही, एक लाथ पुरे. ती लावून घेणं हा रुसव्याचा निरोप होता आणि उघडवायची तीही शब्दांनीच.

मग राखण कोण करायचं? वेस करायची. देशावरच्या कितीतरी गावांना मातीचं नाहीतर दगडाचं गावकूस होतं, आणि दिवेलागणीनंतर वेशीचा दरवाजा लागला की आतल्या घरांना ताटी पुरत असे. रायगडाच्या हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली आहे. त्या गोष्टीत घराचं दार कुठे येतच नाही. आईला बाळापासून अडवतो तो गडाचा दरवाजा, संध्याकाळी ठरल्या वेळी बंद होणारा. राखण सामायिक होती, म्हणून घराचं दार हलकं होतं. पण त्या सामायिकपणाला हद्द होती. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर. वेशीवर पहारा देणारा वेसकर बहुधा महारच असे. ज्याच्या भरवशावर गाव निजायचं, त्याचं स्वतःचं घर वेशीच्या पलीकडे. मोकळ्या दारांची आठवण काढताना ही गोष्ट वगळली तर ती आठवण खोटी ठरते.

भक्कम दार हे सत्तेचं आणि पैशाचं दार होतं. पुण्यात १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ ला, वास्तुशांत झाली. त्याच्या दिल्ली दरवाज्यावर हत्तीचं गंडस्थळ जिथे आपटेल त्या उंचीवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. १८२८ साली वाड्याला आग लागली, ती सात दिवस धुमसत राहिली. आतले लाकडी महाल गेले आणि दरवाजा उरला. आज आपण त्या दरवाज्यातल्या लहान दिंडीतून आत शिरतो ते मोकळ्या हिरवळीवर. पेठांमधल्या वाड्यांनी याच दरवाज्याची लहान आवृत्ती केली. देवडी, पहारेकऱ्याचा कट्टा, मोठा दरवाजा आणि त्याच्या पोटात दिंडी. दिवसभर फक्त दिंडी उघडी. तिच्यातून शिरणाऱ्याला मान वाकवूनच आत यावं लागतं, आणि वाकलेला माणूस हल्ला करू शकत नाही. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईनंतर होळकरांची फौज पुण्यात शिरली आणि शहराने लूट पाहिली. अशा पिढीने बांधलेल्या दारांत अडसर इतका जाड का, हे वेगळं सांगायला नको.

त्याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. घर "उघडं" असणं म्हणजे काय, याचं माप मला त्या हौदापाशी सापडतं. दिवसभर सताड उघडी असलेली पेठेतली बाकीची दारंही खरं तर मोजक्या माणसांनाच उघडी होती.

मग १८९७ आलं. मराठी घराच्या दाराचा इतिहास लिहायचा तर या एका वर्षापाशी थांबावंच लागेल. आदल्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीला आला होता. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारला कुठल्याही घरात शिरायचा अधिकार मिळाला. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीच्या हाताखाली गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरं तपासत फिरल्या. रोगी शोधायचा, त्याला छावणीत हलवायचं, सामान बाहेर काढायचं, घर धुऊन काढायचं. रोग खरा होता आणि माणसं खरोखर मरत होती. पण उंबऱ्याच्या आत पाय टाकायला आजवर पाहुण्यालाही घरच्यांच्या "या"ची वाट पाहावी लागत होती. तिथे बूट घातलेले शिपाई माजघरापर्यंत, देवघरापर्यंत, बायकांच्या खोल्यांपर्यंत गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्या गोळीमागे राजकारण होतं, धर्माभिमान होता, आणि तुडवला गेलेला उंबराही होता. मुंबईत प्लेगच्या घरांच्या दारांशेजारी तारखा घातलेली वर्तुळं रंगवली जात. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर "यू.एच.एच." ही तीन अक्षरं उमटली. ज्या चौकटीला दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधायचं, तिच्याच बाजूला सरकारी रंगाने मृत्यूची नोंद.

त्याच वर्षी मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी कुलुपांचा कारखाना सुरू केला. या दोन घटनांत कार्यकारण जोडायचं कारण नाही. पण तोवर गावचा लोहार घडवायचा ते कुलूप आणि कारखान्यातून एका मापाने निघणारं कुलूप यांच्यामधली रेघ याच काळात पडली, आणि दाराची किंमत हळूहळू फळीतून कुलपाकडे सरकू लागली. आज दुकानात बाहेरचं दार घ्यायला जा. विक्रेता आधी कुलपाबद्दल बोलतो. बोटाचा ठसा ओळखणारं, मोबाइलवरून उघडणारं. लाकडाबद्दल आपण विचारल्याशिवाय तो बोलत नाही.

लाकडाची गोष्टही साधी नाही. कोकणातल्या दारांना फणस, ऐन, किंजळ, देशावर बाभूळ आणि कडुलिंब, आणि जिथे ऐपत तिथे साग. सागाच्या अंगात तेल असतं, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही, आणि एकदा मुरलं की पावसाळा-उन्हाळ्यात ते फार हलत नाही. म्हणून ते जहाजाला चाललं, दाराला चाललं. आणि म्हणूनच ते सरकारच्या डोळ्यांवर आलं. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला पहिला वनसंरक्षक मिळाला. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांची हद्द पक्की झाली. जोतीरावांनी १८८३ च्या "शेतकऱ्याचा असूड"मध्ये जंगलखात्यावर ओढलेले कोरडे वाचले की कळतं, रान कुंपणाआड गेल्यावर गावाचं काय झालं ते. गावच्या सुताराच्या हातातलं लाकूडही त्याच कुंपणाआड गेलं.

मुंबईच्या इमारतींना मग लाकूड आलं ते समुद्रावरून. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ब्रह्मदेशातला साग तोडून विकायचा धंदा उभारला. १८८५ मध्ये तिथल्या राजदरबाराने कंपनीला दंड ठोठावला, ते निमित्त करून इंग्रजांनी युद्ध केलं आणि थिबा राजाला कैद करून आपल्या रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही खाडीकडे तोंड करून उभा आहे, आणि १९१६ मध्ये तो राजा रत्नागिरीतच वारला. मुंबईत लकडी बंदर हे नाव अजून टिकून आहे. गिरगाव, दादरच्या जुन्या इमारतींचं लाकूड सांगताना म्हातारी माणसं "बर्मा टीक" म्हणतात तेव्हा आवाज जरा उंचावतो. त्या शब्दामागे एक हिरावलेलं राज्य आहे, हे त्यांच्या सहसा ध्यानात नसतं.

तो झराही आटला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाऐवजी दुसरं काही वापरा असा आग्रह धरला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक बंधनं घातली, आणि एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यातच थांबवली. आता वखारीत "साग" म्हणून मिळतो तो बराचसा आफ्रिकेतला किंवा दक्षिण अमेरिकेतला, लवकर वाढवलेला, फिकट. महाराष्ट्राचा स्वतःचा उत्तम साग चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांत आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी तो बल्लारपूरहून वाजतगाजत रवाना झाला. देवाच्या दाराला लाकूड कसं निवडावं, हे आपल्याला अजून बरोबर ठाऊक आहे.

म्हणून मी फ्लश दाराला दोष देत नाही. पोटात लाकडी पट्ट्या घट्ट भरलेलं, वरखाली प्लायचे थर दिलेलं दार चांगलं टिकतं. त्यातलं लाकूड निलगिरी, पॉप्लरसारख्या, शेतकऱ्यांनी शेतात लावलेल्या झाडांचं असू शकतं. जंगल वाचतं, शेतकऱ्याला पैसा मिळतो. भारतीय मानक २२०२ चा शिक्का असलेलं, पाण्याला टिकणाऱ्या फिनॉलच्या गोंदाने चिकटवलेलं दार आणि आमचं होतं ते दार, दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. फरक बोटाच्या पेराने वाजवल्यावर कळतो. माझा राग त्या फरकावर आहे. पोकळ दार बसवून वर सागाचा पापुद्रा लावणं ही फसवणूक आहे, आणि ती आपण चालवून घेतो, कारण ताबा घेताना आपण मूठ चकाकते का ते बघतो, खालची कड बघत नाही.

आता दुसरा बदल, जो लाकडाहून मोठा आहे आणि ज्याच्याबद्दल फारच कमी बोललं गेलं आहे. १९२० च्या दशकात मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या खोलीत आठ-दहा माणसं राहिली, कारण खोली दारापाशी संपत नव्हती. पुढची सामायिक जागा हे त्या घराचं उरलेलं अंग होतं. दार दिवसभर उघडं, मध्ये फार तर एक पडदा. पुढे १९६१ साली १२ जुलैला पानशेत फुटलं आणि पुण्यातले नदीकाठचे शेकडो वाडे कोसळले. १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. वाड्यातली, चाळीतली माणसं ब्लॉकमध्ये राहायला गेली, आणि तिथल्या दाराला एक नवी वस्तू होती, लॅच.

कडी-कोयंड्याचं दार मुद्दाम लावेपर्यंत उघडं असतं. लॅचचं दार मुद्दाम उघडेपर्यंत बंद असतं. पितळेच्या त्या लहानशा जिभेने घराची रीत उलटी केली. पूर्वी बाहेरून बघितलं की कळायचं, कुलूप असलं तर घरी कुणी नाही, कडी असली तर इथेच कुठेतरी आहेत, दार लोटलेलं असलं तर हाक मारून सरळ आत जावं. लॅच लागलेलं दार बाहेरच्याला काहीच सांगत नाही. मग बेल आली, मग दुर्बीण, मग नव्वदच्या दशकात जाळीचं सेफ्टी डोअर. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईत कितीतरी दारांवरच्या नावाच्या पाट्या उतरल्या. ज्या पाटीसाठी आयुष्याची कमाई घातली ती स्क्रू काढून कपाटात ठेवायची वेळ आली. ती भीती खरी होती. तिच्यानंतर दाराला चौथं कुलूप लावणाऱ्याला नावं ठेवायचा अधिकार मला वाटत नाही.

पण चाळीचं उघडं दार गेलं म्हणून उसासे टाकणाऱ्यांना मला एक विचारायचं आहे. ते दार दिवसभर उघडं ठेवत कोण होतं? आमच्या आजोळच्या दारापाशी दिवसभर आजी असायची. पहाटे उंबरा धुऊन त्याला हळदकुंकू लावायचं, रांगोळी घालायची. भिक्षेकऱ्याला पसाभर धान्य, पोस्टमनला पाणी, शाळेतून येणाऱ्या मुलांना हाक. तिन्हीसांजेला उंबऱ्यात कुणी बसू नये म्हणून ओरडायचं. ती आजारी पडली तरच दार लवकर लागायचं. गावाबाहेर ती वर्षातून किती वेळा गेली असेल? मोकळं दार एका बाईच्या अख्ख्या दिवसावर उभं होतं. १९८२ च्या "उंबरठा" सिनेमात स्मिता पाटील घर सोडून बाहेर पडते, त्याला आता चाळीस वर्षं उलटून गेली. या काळात लाखो बाया पर्समध्ये किल्ली टाकून कामाला गेल्या. त्यांच्यामागे दाराला लॅच लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मला उघड्या दाराचं दुःख नाही. मला दुःख आहे ते त्या फळीचं, जी काढून पुन्हा बसवता यायची.

आणि आता तर वेस परत आली आहे. सोसायटीच्या फाटकाला पहारेकरी, अडथळ्याचा दांडा, वहीत सही, मोबाइलवर "आत सोडू का?" हा प्रश्न. गावकूस सिमेंटचं झालं एवढंच. त्याबरोबर जुनी हद्दही नव्या रूपात आली. कितीतरी ठिकाणी घरकाम करणाऱ्या ताईंना वेगळी लिफ्ट, सामान पोचवणाऱ्या मुलाने अमुक दारानेच यायचं, रात्रभर फाटकावर जागणारा रखवालदार कुठल्यातरी पत्र्याच्या खोलीत राहणार. वेसकराची गोष्ट जशीच्या तशी. एवढी वेस असताना घराच्या दारावरही आपण कुलपांवर कुलपं चढवतो, आणि त्या पैशात दाराच्या पोटात लाकूड भरायचं राहून जातं. माझं म्हणणं एवढंच की खर्चाचा क्रम बदला. आधी फळी आणि चौकट, मग कुलूप.

पुनर्विकासाच्या करारांत चटईक्षेत्र, पार्किंग, भाडं, कॉर्पस यांवर पानंच्या पानं असतात. दारावर एक ओळ असते, "उत्तम प्रतीचं". त्या ओळीच्या जागी चार गोष्टी लिहून घ्याव्यात. दार भरीव असेल, त्यावर मानकाचा शिक्का असेल, वरची आणि खालची कड बसवण्याआधी रंगवली किंवा पॉलिश केली जाईल, आणि चौकट पक्क्या लाकडाची असेल. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः उघड्या टोकांतून, म्हणजे नेमकं जिथे कुणाची नजर जात नाही तिथून. आणि दुसरं, इमारत उतरवण्याआधी जुनी दारं, चौकटी, तुळया यांची यादी करून त्यांचं काय होणार ते सभासदांनी ठरवावं. १९३० च्या दशकातल्या इमारतीची सागाची चौकट आज पैसे देऊनही नव्याने मिळणार नाही. ती डंपरमध्ये जाऊ नये. मुंबईत ओशिवऱ्याच्या बाजारात अशी दारं पोचतात आणि तिथून हॉटेलांच्या भिंतींवर शोभेला लागतात. पुण्यात दिनकर केळकरांनी वाड्यावाड्यांतून दारं, गणेशपट्ट्या गोळा केल्या, त्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. त्यांनी त्या उचलल्या नसत्या तर कोरीव दार म्हणजे काय, हे दाखवायला आपल्याकडे फार थोडं उरलं असतं. तरीही संग्रहालयातल्या दारातून कुणी घरी येत नाही. जुन्या लाकडाने पुन्हा दारच व्हावं, हे जास्त बरं.

आम्ही तेच केलं. मिस्त्रींबरोबर भवानी पेठेतल्या एका जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो. कुठल्यातरी पाडलेल्या वाड्याच्या तुळया तिथे रचून ठेवल्या होत्या, त्यांवर चुन्याचे डाग, चौकोनी खिळ्यांची भोकं. मिस्त्रींनी पटाशीने एका तुळईची कड तासली. वरून राखाडी झालेल्या त्या लाकडातून एकदम मधासारखा रंग निघाला आणि सागाचा वास आला. त्यांनी ती ढलपी माझ्या हातात दिली, काही बोलले नाहीत.

घरी चौकटीला गुण्या लावला, ओळंबा सोडला. चौकट ठीक होती, ती ठेवली. बिल्डरच्या माणसांनी तीन बिजागऱ्या बसवल्या होत्या, नव्या वजनाला पाच इंची चार लागल्या. लॅच ठेवलं, एक आतली कडी ठेवली, बाकीचं काढलं. उभ्या आडव्या पट्ट्या एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत अशा घट्ट बसवल्या. खालच्या आडव्या पट्टीच्या पुढे मात्र मिस्त्रींनी चार बोटं रुंदीची आणखी एक पट्टी लावली, आणि तिला गोंद लावू दिला नाही. फक्त सहा पितळी स्क्रू. दार आडवं करून दोन स्टुलांवर ठेवलं होतं. त्या पट्टीची खालची कड, जी आता कधीच कुणाला दिसणार नाही, ती त्यांनी ब्रशने तीनदा पॉलिश केली. प्रत्येक हात वाळेपर्यंत जिन्यात बसून राहिले.

"ही पाणी खाणार, काकू," पट्टीवर पेन्सिलने वर्ष लिहीत ते म्हणाले. "खाऊ दे. दहा-बारा वर्षांनी स्क्रू सोडवायचे आणि एवढीच नवी घालायची. मी नसलो तर माझा मुलगा येईल."